शेतकऱ्यांचे कैवारी जोतीराव फुले

आषाढ लागला म्हणजे सावलीच्या आसपासच्या गावी जिकडे तिकडे रोवणीची लगबग सुरू होते. बांधीत चिखल तयार असतो, रोपांच्या जुड्या बांधावर येऊन पडलेल्या असतात आणि बाया कंबर वाकवून ओळीने रोवीत असतात. परंतु सर्वांची नजर दोन ठिकाणी असते, एक आभाळाकडे व दुसरी तलावाकडे. आपल्या भागातील धानाची शेती ही केवळ शेतात होत नाही. तिला तलावाचे व बोडीचे पाणी लागते, गुरांचे शेणखत लागते, त्या गुरांना चरावयास रान लागते, आणि कुणब्याला नांगरासाठी लाकूड, चुलीसाठी सरपण व टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार म्हणून जंगल लागते. यांतील एक दुवा तुटला म्हणजे बाकीचे ढिले होतात, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांस सांगावयास नको.

ही गोष्ट सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका माळ्याने फार स्पष्टपणे ओळखली आणि लिहून ठेविली. त्यांचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. मुलींच्या शिक्षणाचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांस सर्व महाराष्ट्र ओळखतो, आणि तो मान योग्यच आहे. परंतु जमीन, जंगल व पाणी यांच्या वहिवाटीत फेरफार झाला म्हणजे खेडे कसे खचते याचा त्यांनी जो विचार केला, तो आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असतो. म्हणून त्यांचे चरित्र आज त्या बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण या गावचे. त्यांचे पणजोबा तेथे चौगुला होते. गावच्या कुळकर्ण्याशी तंटा होऊन त्यांस गाव सोडावे लागले व ते पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे येऊन राहिले. पुढे हे कुटुंब पुण्यास आले. तेथे पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याचा धंदा ते करू लागले, त्यावरून मूळचे गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुले हे नाव रूढ झाले. सन १८२७ मध्ये जोतीरावांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली, आणि सगुणाबाई क्षीरसागर नावाच्या नात्यातील एका बाईंनी त्यांचा सांभाळ केला.

मुलगा सात वर्षांचा झाल्यावर गोविंदरावांनी त्यास शाळेत घातले. परंतु माळ्याच्या मुलाला शिकवून काय करावयाचे आहे, अशी भर कोणी त्यांच्या कानात घातल्यामुळे त्यांनी त्यास शाळेतून काढले. मग जोतीराव बापाबरोबर मळ्यात खुरपे घेऊन काम करू लागले. हे दिवस वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. पुढे शेतीविषयी त्यांनी जे लिहिले त्यात ऐकीव असे थोडेच आहे, कारण वाफ्यात पाणी धरण्याचे व मोट हाकण्याचे कष्ट त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्यांच्या शेजारी गफार बेग मुनशी नावाचे मुसलमान गृहस्थ व लेजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहात असत. मुलाची बुद्धी पाहून त्या दोघांनी गोविंदरावांचे मन वळविले, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. तेथील अभ्यास १८४७ मध्ये पुरा झाला. ते ख्रिस्ती झाले नाहीत. तथापि ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या अक्षर नव्हते तेथील मुलाला पाटीपेन्सिल देणाऱ्या त्या शाळेचा उपकार ते विसरले नाहीत. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरर यांनी चालविलेली मुलींची शाळा पाहिल्यावर आपणही असेच करावे असा त्यांचा निश्चय झाला.

सन १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली व आपली पत्नी सावित्रीबाई हिला शिकवून तेथे शिक्षिका नेमिले. यावरून लोक खवळले. १८४९ मध्ये लोकापवादाला भिऊन गोविंदरावांनी पुत्राला व सुनेला घराबाहेर काढले. तरी काम थांबले नाही. महार-मांग म्हणून ज्यांस दूर लोटीत त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा निघाली. १८६८ मध्ये, ज्यांस सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांच्यासाठी जोतीरावांनी आपल्या घरचा हौद खुला केला. पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रथम आपल्या अंगणात दिले आणि मग सरकारास विचारले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली.

आता त्या काळी शेतकऱ्यांची स्थिती काय होती ते पाहू. इंग्रज सरकारने दख्खनेत जमिनीची मोजणी करून तीस तीस वर्षांचा सारा ठरविला होता. पूर्वी पीक बुडाले तर वसूल कमीजास्त होई. आता सारा रोख भरणे प्राप्त झाले, व रोख रक्कम सावकाराखेरीज कोणापाशी नसे. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत आपसांत युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, म्हणून इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. पुष्कळ शेतकऱ्यांनी धान्याची जमीन कापसाखाली आणिली व त्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले. युद्ध संपताच भाव कोसळला, आणि त्याच सुमारास कित्येक तालुक्यांत नवीन आकारणी होऊन सारा वाढला. शेवटी १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा झाला व तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते, रोखे काढून जाळले. त्यांचा राग विशेषतः कागदांवर होता, कारण ज्या कागदाने जमीन जात होती तो त्यांस वाचता येत नव्हता. पाठोपाठ १८७६ पासून १८७८ पर्यंत घोर दुष्काळ पडला. त्या वेळी जोतीराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे छावणी काढून उपाशी मुलांस अन्न दिले. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांस ऋणातून सोडविण्यासाठी एक कायदा केला, परंतु जोतीरावांच्या मते रोगाचे मूळ त्याहून खोल होते.

त्यांनी मक्तेदारीचा धंदा केला होता. रस्ते, बोगदे व धरणे यांच्या कामांना माल पुरविताना सरकारी खात्यांचा कारभार आतून पाहावयास मिळाला. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी पाटाने येऊ लागले तेव्हा प्रथम शेतकरी ते घेण्यास कचरत. जोतीरावांनी मांजरी येथे जमीन घेऊन पाटाच्या पाण्यावर बागाईत करून दाखविली. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. अशा रीतीने मळा, मक्ता व कचेरी या तिन्ही ठिकाणांचा अनुभव एका ठायी जमला, आणि १८८३ मध्ये त्यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून पुरा केला.

या ग्रंथाची पाने छापून निघण्याआधी ती तोंडी वाचली गेली. पुणे, हडपसर, जुन्नर, ओतूर अशा गावांत जमलेल्या लोकांस जोतीरावांनी ती स्वतः वाचून दाखविली. बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांनीही ती ऐकली. दीनबंधु पत्रात आरंभीचा भाग छापल्यावर त्यांच्याच पक्षाच्या संपादकाने पुढील मजकूर घेण्याचे नाकारले, इतकी त्यांची भाषा कठोर होती. ब्राह्मण कामगार व गोरे अधिकारी या दोघांवर त्यांनी सारखे आसूड ओढले आहेत, व त्यांतील काही विधाने आज वाचणाऱ्यास जाचतील. संपूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत छापून निघाले नाही.

त्यात त्यांनी खेड्याच्या ऱ्हासाची कारणे एकामागून एक उलगडून दाखविली आहेत. पहिले जंगलाचे. पूर्वी ज्या गरिबाचे शेत एवढेसे असे, तो जवळच्या डोंगरातील उंबरे-जांभळे खाऊन, पळस व मोह यांची पाने-फुले विकून, गायरानाच्या आधारावर एकदोन गाई व चार शेळ्या पाळून आपल्या गावी सुखाने राहात असे. मग जंगलखाते निघाले, १८७८ चा कायदा झाला, आणि डोंगर, दऱ्या, पडित व गायराने यांवर सरकारचा पहारा बसला. गरिबाचे शेत तेवढेच राहिले, पण त्याला जोड असलेले रान गेले. रान गेले म्हणून गुरे घटली, गुरे घटली म्हणून खत घटले, खत घटले म्हणून पीक घटले. दुसरे कारण जमिनीच्या विश्रांतीचे. पूर्वी शेत आलटून पालटून पडित ठेवीत. वस्ती वाढली, सारा वाढला, आणि जमिनीला दम घेऊ देणे शेतकऱ्यास परवडेना. तिसरे कारण कारागिरांचे. विलायतेच्या यंत्रांचा स्वस्त माल आल्यामुळे विणकर व इतर कसबी लोकांचे धंदे बसले व तेही पोट भरण्यासाठी शेतीवर येऊन पडले. चौथे पाण्याचे. बांधबंदिस्ती नसल्यामुळे पावसाळ्यात शेताचे सत्त्व नाल्यावाटे वाहून जाई, आणि धरणे बांधली तरी शेतकऱ्यास पाणी वेळेवर पोहोचते की नाही याची चौकशी अधिकारी करीत नसत. पट्टी मात्र न चुकता वसूल होई.

शेतकऱ्याचे दोषही त्यांनी झाकले नाहीत. लग्नकार्यात कर्ज काढून उधळपट्टी करणे, बांधाच्या वितीसाठी भाऊबंदांनी कोर्टात जाऊन दोघांनीही भिकेस लागणे, आणि मुलांस शाळेत न घालणे, यांबद्दल त्यांनी आपल्याच लोकांस खडसाविले आहे.

मग उपाय. सरकारने आपल्या शिपायांकडून व फौजेतील माणसांकडून ताली, बंधारे असे घालून घ्यावेत की पावसाचे पाणी शेताशेतांतून मुरत जाऊन मग ओढ्यानाल्यांस मिळेल. डोंगरदऱ्यांत सोयीच्या जागी लहान मोठी तळी व धरणे बांधावीत. जुन्या तलावांतील व नद्यांतील गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गायराने गावास परत करावीत. पाणाड्यांकडून भूमीतील झऱ्यांचा शोध करावा. कालव्याचे पाणी प्रत्येकाच्या शेतापुरते तोटीने मोजून द्यावे. उत्तम जातीच्या शेळ्या-मेंढ्या आणून त्यांची पैदास वाढवावी. रानडुकरांसारखी जनावरे पीक खातात त्यांपासून राखण करण्यास शेतकऱ्यास हत्यार ठेवू द्यावे. शेतकीची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत. त्याच सुमारास, १८८२ मध्ये, शिक्षणाची चौकशी करण्यास आलेल्या हंटर कमिशनापुढे त्यांनी निवेदन केले. त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, व खेड्यांतील शाळांत शेतकीचे ज्ञानही द्यावे असे मागितले. सरकारच्या तिजोरीत जो पैसा येतो तो बहुतांशी रयतेच्या घामाचा आहे, आणि शिक्षणावर तो खर्च होताना रयतेच्या मुलांस काहीच मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

केवळ लिहून ते थांबले नाहीत. जुन्नरकडील शेतकऱ्यांनी सावकारांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला तेव्हा जोतीराव व सत्यशोधक मंडळी त्यांच्या पाठीशी होती. १८८८ मध्ये राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जरीचे पोषाख घातलेल्या पाहुण्यांत जोतीराव कुणब्याच्या साध्या वेषाने गेले, आणि खरी रयत येथे बसलेल्या श्रीमंतांसारखी नसून आपल्यासारखी उघडीवागडी आहे, हे त्यांनी राजपुत्रास तोंडावर सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. पुढे अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी शेवटचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. सावित्रीबाईंनी त्यांचे काम पुढे चालविले, व १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता त्यांचाही अंत झाला.

वाचकहो, हे सर्व दख्खनच्या कोरड्या मुलखाचे झाले. आपल्या झाडीमंडळाशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपला मुलूख १८५४ मध्ये इंग्रजांकडे आला. येथे रयतेशी सरळ सारा न ठरविता सरकारने मालगुजारांस गावाचे मालक केले. गोंड राजांच्या वेळेपासून कोहळी व इतर कष्टकऱ्यांनी बांधलेले तलाव अशा रीतीने मालगुजारांच्या नावे लागले. त्यांची व्यवस्था गाव मिळून करीत असे. उन्हाळ्यात पाळीवर माती पडे, गाळ शेतात जाई, आणि कोणाच्या बांधीस केव्हा पाणी सुटावे याचा क्रम ठरलेला असे. त्या काळी सर्व सुख होते असे म्हणणे खोटे ठरेल. मालगुजाराची वेठ गरिबाच्याच पाठीवर पडे, आणि गावाबाहेरच्या वस्तीला पाण्याची पाळी शेवटी मिळे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नाहीशी झाली व ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. कसणारास जमीन मिळाली, हे न्यायाचे झाले. परंतु मालक गेला तसा पाळीवर माती टाकण्याचा नेमही मोडला. तलाव सरकारचा, मग दुरुस्ती सरकारने करावी, असे गाव म्हणू लागले. सरकारास हजारो लहान तलाव पाहणे जमले नाही. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणे झाली, आणि खालच्या बांध्या आभाळावर विसंबून राहिल्या. जंगलाचे दुःख तर जोतीरावांनी वर्णिले तेच. मोह व पळस इकडेही होते, आणि पहाराही तोच होता.

त्यांनी जे मागितले त्यातील काही आज उशिरा का होईना पदरी पडले आहे. २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला, आणि २००९ मध्ये आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास सामूहिक वनहक्क मिळाले. त्या गावाने अनेक वर्षे सभा भरवून, एकमताने निर्णय करून, कागद नीट ठेवून हे साधले. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने धरणांतील व तलावांतील गाळ शेतात नेण्याची योजना सुरू केली. १८८३ मध्ये पुण्याच्या माळ्याने जे सांगितले होते ते सरकारच्या कागदावर यावयास एकशे चौतीस वर्षे लागली. आपल्या तालुक्यात असोलामेंढ्याच्या जुन्या तलावास आता गोसीखुर्दच्या मोठ्या कालव्याचे पाणी जोडले जात आहे. मोठे पाणी आले म्हणून गावची बोडी बुजू द्यावी की काय, हा प्रश्न त्यामुळे आपल्यापुढे आहे. कालव्याचे दार दूरच्या माणसाच्या हाती असते. बोडीची पाळ आपल्या हाती आहे. जोतीरावांनी धरणेही मागितली व शेताशेतांतील तालीही मागितल्या, एकासाठी दुसरे सोडा असे ते म्हणाले नाहीत.

त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट विशेष घ्यावयाची ती अशी. जमिनीचा, जंगलाचा किंवा पाण्याचा नियम बदलतो तेव्हा तो प्रथम कागदावर बदलतो. शेतात त्याचा परिणाम दिसतो तो मागाहून, आणि तोपर्यंत हरकत घेण्याची मुदत टळलेली असते. ज्या घरात कागद वाचणारे कोणी नाही त्या घराला ही वार्ता सर्वांच्या शेवटी कळते. म्हणून उपदेशक बंधूंस व शिकलेल्या तरुणांस विनंती आहे की, ग्रामसभेची नोटीस लागली, सातबाऱ्यात फेर पडला, किंवा तलावाच्या लिलावाचा कागद आला, तर तो आपल्या मंडळीपुरता न वाचता चावडीवर सर्व जातींच्या लोकांस वाचून दाखवावा. वितंडवाद न करता अर्थ सांगावा. बायांसही बोलवावे, कारण रोवणी व सरपण त्यांच्याच हाताने होते.

आणि येत्या उन्हाळ्यात तलावाचे पोट कोरडे पडेल तेव्हा प्रत्येक घराने चार गाड्या गाळ आपल्या बांधीत न्यावा व चार टोपल्या माती पाळीवर टाकावी. ज्यांस बैल नाहीत त्यांच्या बांधीत गाळ टाकण्यास शेजाऱ्याने आपली गाडी द्यावी. गाळ काढण्याची परवानगी आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावी, म्हणजे पुढे तंटा राहणार नाही.